वाळवणं म्हणजे नुसतं पाणी घालवणं नव्हे



मागच्या वर्षी आठवीतल्या एका मुलीनं चायना ग्रासची जेली करून वर्गाच्या खिडकीत वाळत ठेवली. चार-पाच दिवसांत वाटीभर जेलीची पातळ, वाकडी चकती झाली. "बाई, बिघडलं," ती म्हणाली. "पाणी उडून गेलं, आता उरणार काय!" असं म्हणून मी मोकळी झाले. आता वाटतं, शिकवायची चांगली संधी मी तिथे घालवली. पाणी गेलं हे खरं, पण त्याची जागा रिकामी का राहिली नाही? भिजलेली पक्की वीट वाळल्यावर तेवढीच राहते. मग जेलीच का आक्रसली?

याच प्रश्नावर कार्बन जेल नावाच्या पदार्थाचं सगळं गणित उभं आहे. हा कार्बनच, पण आतून इतका पोकळ की एका ग्रॅमच्या छिद्रांच्या भिंती उलगडल्या तर 500 चौरस मीटरहून जास्त क्षेत्रफळ भरू शकतं. म्हणजे कबड्डीची जवळपास चार मैदानं! म्हणूनच विजेचा भार साठवणाऱ्या सुपरकपॅसिटरमध्ये आणि खाऱ्या पाण्यातले क्षार ओढून घेण्याच्या प्रयोगांत तो वापरतात.

आपल्या पाण्याच्या फिल्टरमधल्या कोळशातही छिद्रं असतात. पण तिथे तयार कोळसा वाफेनं किंवा रसायनानं कोरून ती मोठ्या प्रमाणावर उघडतात. कार्बन जेलमध्ये छिद्रांची मुख्य रचना ओलेपणीच तयार झालेली असते. पुढचं काम ती टिकवण्याचं.

अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतल्या पेकाला यांनी 1989 साली प्रसिद्ध केलेली कृती अशी: रिसॉर्सिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड पाण्यात विरघळवायचं, चिमूटभर सोडियम कार्बोनेट घालायचं आणि बंद भांड्यात काही दिवस गरम ठेवायचं. काही नॅनोमीटरचे कण तयार होतात, एकमेकांना चिकटून त्यांची जाळी होते आणि जाळीच्या फटींत पाणी अडकून राहतं. सोडियम कार्बोनेट जास्त घातलं तर कण बारीक, फटीही बारीक. (फॉर्मल्डिहाइड विषारी असतं, तेव्हा शाळेत हा प्रयोग कृपा करून नको.)

यानंतर बहुतेक पुस्तकांत एकच ओळ असते: 'जेल वाळवून नायट्रोजनमध्ये तापवतात.' माझं म्हणणं आहे की 'वाळवून' या शब्दापाशी आपण थांबलं पाहिजे. पृष्ठताण आणि केशाकर्षण आपण शिकवतो ते काचेच्या नळीत चढलेलं पाणी दाखवून. व्याख्या, सूत्र, दोन गुणांचा प्रश्न, संपलं. हा ताण एखादी वस्तू मोडूही शकतो, हे मुलांना कधी दिसतच नाही.

बारावीचं सूत्र घ्या: दाबातला फरक म्हणजे पृष्ठताणाची दुप्पट भागिले त्रिज्या. पाण्याचा पृष्ठताण 0.072 न्यूटन प्रति मीटर, छिद्राची त्रिज्या 10 नॅनोमीटर. उत्तर येतं हवेच्या दाबाच्या सुमारे 140 पट! पाणी मागे सरकताना एवढ्या जोरानं भिंती आत ओढतं. नाजूक जाळी कोसळणारच. माझ्या विद्यार्थिनीची जेलीही अशीच आत ओढली गेली होती.

रंगाचा ब्रश पाण्यात बुडवा, केस मोकळे तरंगतात. बाहेर काढा, लगेच एकमेकांना चिकटतात. पाणी दोन्हीकडे आहे. फरक एवढाच, की बाहेर काढल्यावर केसांमध्ये पाण्याला हवेचा पृष्ठभाग मिळतो. मग तो पृष्ठभागच तयार होऊ दिला नाही तर?

हे कोडं 1931 साली किस्टलर या अमेरिकन संशोधकानं सिलिकाच्या जेलवर सोडवलं होतं. द्रव त्याच्या क्रांतिक बिंदूपलीकडे नेला की द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही, मग पृष्ठताण कुठून येणार? पाण्यासाठी हा बिंदू 374 अंश सेल्सिअसवर, फारच अवघड. कार्बन डायऑक्साइडला 31 अंश आणि हवेच्या दाबाच्या सुमारे 73 पट दाब पुरतो. म्हणून जेलमधलं पाणी आधी ॲसिटोननं आणि मग ॲसिटोन द्रवरूप कार्बन डायऑक्साइडनं बदलतात, आणि शेवटी तो वायू हळूच सोडून देतात. वाळलेला जेल नंतर हवा लागू न देता 800 ते 1000 अंशांपर्यंत तापवतात. वजन निम्म्याच्या आसपास उरतं, आकार थोडा घटतो, पण जाळी राहते.

खर्चीक आहे हे सगळं. म्हणून काहीजण पाण्याच्या जागी ॲसिटोन भरून साध्या हवेतच सावकाश वाळवतात. ॲसिटोनचा पृष्ठताण पाण्याच्या साधारण एक तृतीयांश, त्यामुळे ओढ कमी. जाळी भक्कम असेल आणि थोडं आक्रसलेलं चालणार असेल तर तेवढ्यानं भागतं. प्रत्येक वेळी महागडी पद्धतच हवी, असं मलाही वाटत नाही.

तिसरी वाट गोठवण्याची: बर्फ करून निर्वातात थेट वाफ करायची. यंदा नववीत गेलेल्या त्याच मुलीला हे सांगितलं, तर तिनं विचारलं, "बाई, पण बर्फ फुगतो ना? मग छिद्रं फाटणार नाहीत?" फाटतात! म्हणूनच आधी पाण्याच्या जागी गोठताना फारसं आकारमान न बदलणारं एक अल्कोहोल भरतात.

जपानात चायना ग्रासच्या पट्ट्या पूर्वापार हिवाळ्यात उघड्यावर रात्री गोठवून, दिवसा वितळवून वाळवत आले आहेत, हेही तिला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं घरच्या फ्रीझरमध्ये जेली ठेवली. वितळल्यावर पाणी निथळलं आणि हातात स्पंजासारखं काहीतरी उरलं, डोळ्यांना दिसतील एवढ्या भोकांचं. तो तुकडा आणि मागच्या वर्षीची वाकडी चकती, दोन्ही आता प्रयोगशाळेच्या कपाटात शेजारी शेजारी ठेवलेत.