रुळावरच्या चपात्या आणि माझे २१४ लाइक्स

फेसबुकला एक वाईट खोड आहे. आपण विसरलेलं ते उकरून काढतं. परवा सकाळी चहा घेताना 'तुमची आठवण' म्हणून माझीच एक जुनी पोस्ट समोर आली. तारीख ९ मे २०२०. फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. रेल्वेचे रूळ, खडी आणि त्यात विखुरलेल्या चपात्या. आदल्या दिवशी पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळावर झोपलेल्या १६ मजुरांना मालगाडीने चिरडलं होतं. जालन्याच्या स्टील कारखान्यात राबणारी मध्य प्रदेशची माणसं. भुसावळहून गाडी मिळेल म्हणून रुळारुळाने चालत निघालेली.

आणि त्या फोटोखाली मी लिहिलं होतं : "आज ताटातली पोळी बघून डोळ्यांत पाणी आलं. देवा, तू आम्हाला किती दिलंस! अन्न वाया घालवू नका." पुढे हात जोडलेले तीन इमोजी. २१४ लाइक्स.

मित्रांनो, चहा घशाखाली उतरेना.

१६ माणसं मेली आणि त्यातून मी काय घेतलं, तर पोळी टाकू नये. त्यांचं मरण माझ्या ताटाच्या उपयोगाला आलं. त्या २१४ लोकांत एकानेही विचारलं नाही की अरे बाबा, ही माणसं रुळावर का होती? मीही विचारलं नव्हतं. आभार मानले की विचारायचं काम संपतं, ही त्यातली सोय.

ही सवय आपल्याला लहानपणापासून लावलेली असते. सिग्नलला हात पसरणारं पोर दिसलं की गाडीतली आई मागच्या सीटवरच्या लेकाला म्हणते, "बघ, त्याला काहीच नाही, आणि तू भेंडी खात नाहीस." त्या पोराने काय करायचं? तुमच्या लेकाने भेंडी खावी म्हणून तिथे उभं राहायचं? या प्रकारच्या कृतज्ञतेला खाली कुणीतरी लागतंच. तो उठून उभा राहिला तर आपलं समाधान कशावर टेकवणार?

कुणी म्हणेल, तुम्हाला चांगल्यातही खोट दिसते. कृतज्ञतेची डायरी लिहिली तर झोप चांगली लागते. लिहा की! सकाळच्या उन्हाबद्दल लिहा, बायकोच्या हातच्या चहाबद्दल लिहा. दुसऱ्याच्या प्रेताशेजारी बसून लिहू नका, एवढंच म्हणतोय.

आता आमच्या मालेगावचं सांगतो. एप्रिल-मे २०२० मध्ये आमचं गाव राज्यातल्या मोठ्या हॉटस्पॉटपैकी एक. सगळीकडून फोन यायचे, "काळजी घ्या रे," आणि त्या काळजीत एक सुटकेचा सुस्काराही असायचा : बरं झालं, आपण मालेगावात नाही. मी मोसमच्या अलीकडे, कॅम्पात राहतो. आम्ही तोच सुस्कारा नदीपलीकडच्या वस्तीकडे बघून टाकत होतो. सुस्काऱ्यांचीही उतरंड असते, बरं का.

नदीपलीकडे माझा एक जुना मित्र आहे, आठ मागांचा मालक. मालक म्हटलं तर मालक, कारण पडलेला धागा तो स्वतःच जोडतो. यंत्रमागावर मजुरी कापडावर ठरते. माग चालला तर पैसे, बंद पडला तर शून्य. २५ मार्चपासून सगळ्या गावाचा खडखडाट थांबला होता. आणि तो होता रमजानचा महिना. हा माणूस रोजा धरून, जमेल तसा, मुंबई-आग्रा हायवेला जायचा. तिथून चालत, सायकलवर, ट्रकच्या टपावर बसून यूपी-एमपीकडे निघालेल्या लोकांना तो आणि त्याच्या मोहल्ल्यातली पोरं पाणी द्यायची, खिचडी द्यायची. स्वतःच्या तोंडात दिवसभर थेंब नाही, वर मे महिन्याचं ऊन.

मी त्याला फोनवर म्हणालो, "मोठं पुण्याचं काम करतोय यार."

तो म्हणाला, "पुण्य कसलं? आमचे बुजुर्ग याच रस्त्याने आले होते. तेव्हा यांनाही कुणी पाणी पाजलं असेलच ना?"

१८५७ नंतरच्या धामधुमीत उत्तरेतले विणकर खाली सरकत सरकत इथे आले आणि मालेगाव मागांचं गाव झालं. शहरातल्या त्या रस्त्याला आजही जुना आग्रा रोडच म्हणतात. मी ज्यांच्याकडे बघून 'मी तो नाही' म्हणून देवाचे आभार मानत होतो, त्यांच्यात त्याला स्वतःचा पणजोबा दिसत होता. मग तो पुढे असंही बोलला, आणि हे मी मुद्दाम लिहितोय, की "माझ्याच कारीगरांना मी दुसऱ्या महिन्यात उचल देऊ शकलो नाही. त्यातले दोघे याच रस्त्याने गेले. ते कुठेतरी मागत असतील, म्हणून मी इथे उभा आहे." त्याला देव बनवायचा नाहीये मला. त्याला आपला हिशोब माहीत होता. मला माझा माहीत नव्हता.

माझी आजी काटवणातली. ७२च्या दुष्काळात तिने रोजगाराच्या कामावर खडी फोडली, मिलोची लाल भाकर खाल्ली. भुकेबद्दल तिला माझ्यापेक्षा शंभरपट माहिती. तरी "बघ, तो उपाशी आहे, तू जेव," असं तिने कधी म्हटलेलं आठवत नाही. दारात कुणी आलं की एकच वाक्य, "त्यासले इचार, जेवनात का?" आधी विचारायचं. देवाचं नाव त्यानंतर, हात धुताना.

विचारलं असतं तर काय कळलं असतं? ठेकेदारामार्फत परराज्यातून आणलेल्या मजुरांची नोंद ठेवायची, त्यांना येण्याजाण्याचं भाडं द्यायचं, हा कायदा या देशात तेव्हा होता, १९७९ सालचा. करमाडमधून वाचलेल्यांनी सांगितलं की आम्ही पाससाठी अर्ज केले होते, उत्तरच आलं नाही. आठवड्याभरात, १५ मेला, सुप्रीम कोर्टात सवाल झाला की लोक रुळावरच झोपले तर ते कोण कसं थांबवणार, आणि याचिका निकाली निघाली. मग १४ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने लोकसभेत लेखी उत्तर दिलं : टाळेबंदीत गावी परतताना किती मजूर मेले याची आकडेवारी ठेवलेली नाही, त्यामुळे भरपाईचा प्रश्नच उद्भवत नाही. वाचा पुन्हा एकदा. मोजलेच नाहीत, म्हणून देणं लागत नाही.

या उत्तरावर माझी एकही पोस्ट नाही. मी शोधली. सप्टेंबरमध्ये माझ्या भिंतीवर गणपतीच्या आरासीचे फोटो आहेत.

तेच गेल्या वर्षी झालं. 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' आला तेव्हा बाहेरगावच्या लोकांनी मला मेसेज केले, "किती कमी साधनांत किती आनंदी लोक रे तुमचे!" ज्यांची ती गोष्ट, त्यांच्यातला आमचा सुपरमॅन शफीक शेख यंत्रमागावर राबायचा आणि तोंडाच्या कॅन्सरने तरुणपणीच गेला. आनंदी होता, कबूल. पण त्याच्या आनंदावर आपण किती खूश व्हायचं?

मी ती जुनी पोस्ट डिलीट केलेली नाही. राहू दे. दरवर्षी मे महिन्यात फेसबुक दाखवेल, दरवर्षी चहा कडू होईल. खाली कॉमेंटमध्ये मात्र आज त्या लोकसभेतल्या उत्तराची तारीख लिहिली आहे. बघू, किती लाइक्स येतात.

तुम्हाला हे पुढे पाठवायचं असेल तर पाठवा. फक्त सोबत तो चपात्यांचा फोटो लावू नका.