एकेटी सुरू करण्याआधी

पावसाळा निम्मा सरला की मेडिसिनच्या वॉर्डात एक ओळखीचे चित्र दिसू लागते. पन्नाशीचा शेतकरी, बऱ्याच वर्षांचा मधुमेह, साखर कधीच धड ताब्यात नाही. तीन आठवड्यांचा ताप, उतरलेले वजन, एक्स-रेत फुप्फुसाच्या वरच्या भागात सावली, सोनोग्राफीत प्लीहेत दोन-तीन लहान गळवे. थुंकीचे सीबीनॅट निगेटिव्ह. तालुक्याच्या गावी सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची इंजेक्शने घेऊन झालेली. राउंड संपता संपता ठरते, एकेटी सुरू करू.

आपल्याकडे क्षयरोग इतका आहे की हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर ठरतो. एकेटी सुरू करण्याला आमचा विरोध नाही. ती सुरू झाली की शोध थांबतो, याला आहे. तिसऱ्या आठवड्यातही ताप तसाच राहिला तर औषधाला दाद न देणारा क्षय आठवतो, मग लिम्फोमा आठवतो. मेलिऑइडोसिस फारच थोड्यांना आठवतो.

हा आजार परका नाही. रंगूनमध्ये अल्फ्रेड व्हिटमोर आणि त्यांचे सहकारी सी. एस. कृष्णस्वामी यांनी 1911 साली तो प्रथम ओळखला आणि पुढच्याच वर्षी ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये त्याचे वर्णन छापले. पुढे तो ‘व्हिटमोरचा आजार’ म्हणून ओळखला गेला आणि कृष्णस्वामी मागे राहिले. आपण तरी दोन्ही नावे एकत्र घ्यावीत. 2016 साली ‘नेचर मायक्रोबायोलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे 1 लाख 65 हजार लोकांना हा आजार होतो आणि त्यांतले सुमारे 89 हजार दगावतात. त्यातला मोठा वाटा दक्षिण आशियाचा. बर्कहोल्डेरिया स्युडोमॅली हा जंतू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो. कातडीवरच्या ओरखड्यातून, श्वासातून किंवा पाण्यावाटे तो शरीरात शिरतो आणि मधुमेह्याला सर्वाधिक छळतो. दारू, मूत्रपिंडाचा जुना विकार आणि थॅलेसेमिया ही त्याची आणखी काही आश्रयस्थाने.

उडुपी-मणिपालच्या किनाऱ्यावरून या आजाराचे रुग्ण वर्षानुवर्षे नोंदले जात आहेत. तोच किनारा, तोच पाऊस आणि तीच भातखाचरे पुढे कारवार, गोवा आणि सिंधुदुर्गात येतात. राज्याची सीमा ओलांडताना जंतू थांबत असेल असे मानायला काही आधार नाही. बदलतो तो शोधणाऱ्याचा सराव. मणिपालच्या प्रयोगशाळेत हा जंतू पाहिलेले डोळे आहेत, म्हणून तिथे तो सापडतो.

निदान बहुधा दोन ठिकाणी निसटते. पहिले ठिकाण केस पेपर. व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ लिहिलेली बाई आषाढभर गुडघाभर चिखलात लावणी करत होती, हे कोणी विचारलेलेच नसते. ‘खासगी नोकरी, मुंबई’ असे लिहिलेला चाकरमानी गणपतीला गावी जाऊन आलेला असतो आणि तिथे अनवाणी शेतात उतरलेला असतो. संसर्ग आणि लक्षणे यांत साधारण 1 ते 21 दिवस जातात, त्यामुळे ताप त्याला परळच्या खोलीत येतो आणि मुंबईच्या रेसिडेंटच्या मनात कोकणातला चिखल येत नाही. क्वचित हा जंतू वर्षानुवर्षे दबा धरून बसतो, म्हणून जुनी शेतीही विचारायला हवी. व्यवसाय विचारला, एवढ्यावर न थांबता गेल्या महिन्यात हातपाय कुठे भिजले हे विचारावे. प्रश्नाला अर्धे मिनिट लागते.

दुसरे ठिकाण वॉर्ड आणि मायक्रोबायोलॉजी यांच्यामधला जिना. रक्ताच्या किंवा पुवाच्या कल्चरमध्ये ऑक्सिडेज पॉझिटिव्ह ग्रॅम निगेटिव्ह जंतू वाढतो. अहवालात कधी ‘स्युडोमोनास स्पीशीज’ येते, कधी ‘बहुधा दूषित नमुना’. स्वयंचलित यंत्रेही फसतात. व्हायटेकसारखे यंत्र त्याला कधी बर्कहोल्डेरिया सेपेशिया ठरवते. पण त्याच कागदावर खाली सेन्सिटिव्हिटी छापलेली असते आणि बहुतेक वेळा उत्तर तिथेच असते: जेंटामायसिन आणि कोलिस्टिनला रेझिस्टंट, पण अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटला सेन्सिटिव्ह. नेहमीच्या स्युडोमोनास एरुजिनोसाचे वागणे याच्या जवळपास उलटे असते. जेंटामायसिनबाबत तुरळक अपवाद आहेत, पण हा नमुना दिसला की फोन उचललाच पाहिजे. आपण यकृताची कड बोटांनी चाचपतो. सेन्सिटिव्हिटीचा तक्ताही तशाच गांभीर्याने चाचपावा, कारण तीही एक शारीरिक खूणच आहे. ‘आर’ आणि ‘एस’ एवढे पाहून औषध निवडणे हा त्या कागदाचा अर्धाच उपयोग झाला.

फोन दोन्ही बाजूंनी व्हावा. संशय असेल तर नमुना पाठवतानाच मायक्रोबायोलॉजिस्टला सांगावे, म्हणजे तो अ‍ॅशडाऊनसारखे निवडक माध्यम लावेल, प्लेट जास्त दिवस ठेवेल आणि उघड्या टेबलावर न हाताळता सुरक्षित कपाटात हाताळेल. न सांगता पाठवलेला नमुना तंत्रज्ञाच्या जिवाशी खेळ ठरू शकतो. फक्त रक्तावर भिस्त ठेवू नये. लघवी, थुंकी, घशाचा स्वॅब आणि मिळेल तिथला पू पाठवावा. घशाची किंवा लघवीची तक्रार नसली तरी. एवढे करूनही एकूण रुग्णांपैकी सुमारे 60 टक्क्यांतच कल्चर पॉझिटिव्ह येते, म्हणून एका निगेटिव्ह अहवालावर हा आजार नाकारता येत नाही. पुरुषाच्या पोटाचे सीटी करताना प्रोस्टेट वगळू नये. तापकरी मधुमेह्याच्या प्रोस्टेटमधले गळू हा या आजाराचा मोठा सुगावा आहे, आणि ते गळू बऱ्याचदा शस्त्रक्रियेने किंवा सुईने रिकामे करावे लागते.

उपचारांत घाई आणि कंटाळा दोन्ही घात करतात. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनने रुग्ण अर्धवट सावरतो आणि निदान आणखी धूसर होते. थायलंडमधील उबोन रॅचाथानी येथील 1989 सालच्या अभ्यासात सेफ्टाझिडिममुळे मृत्यूंचे प्रमाण निम्म्यावर आले, तेव्हापासून ते आणि मेरोपेनेम हीच या उपचारांची मुख्य औषधे आहेत. शिरेतून किमान दोन आठवडे, खोल गळवे असतील तर चार किंवा अधिक. ताप उतरायला सरासरी नऊ दिवस लागतात. पाचव्या दिवशी ताप आहे म्हणून औषध बदलणारा डॉक्टर बरोबर चाललेला उपचार मोडतो. रुग्णाची एकूण स्थिती सुधारत असेल आणि न काढलेले गळू राहिले नसेल, तर थांबणे हाच उपचार आहे.

मग येतो सर्वांत दुर्लक्षित भाग, घरी गेल्यानंतरचा. किमान तीन महिने कोट्रायमॉक्साझोल. मूत्रपिंड ठीक असेल तर 60 किलोवरच्या प्रौढाला दोन डीएस गोळ्या दिवसातून दोनदा, म्हणजे आपण एरवी लघवीच्या संसर्गासाठी देतो त्याच्या दुप्पट. 2014 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या थायलंडमधील चाचणीनंतर डॉक्सिसायक्लिनची जोड देण्याची गरज राहिलेली नाही. पण हाच रुग्ण मधुमेही असतो. तो ग्लिमेपिराइडवर असेल तर कोट्रायमॉक्साझोलने साखर एकदम खाली जाऊ शकते. टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर पोटॅशियम चढते. पहिल्या आठवड्यातच पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पाहायला बोलवावे आणि साखरेच्या गोळ्यांचा डोस डिस्चार्ज कार्डावर नव्याने लिहावा. बरे वाटते म्हणून दुसऱ्या महिन्यात गोळ्या बंद करणारा रुग्ण पुढच्या पावसाळ्यात पुन्हा भरती होतो, आणि त्या वेळीही एक्स-रे पाहून कोणीतरी एकेटीच सुरू करते.

सिंधुदुर्गातले रुग्ण बांबोळीला जातात, रत्नागिरी-रायगडचे कोल्हापूर आणि मुंबईला. म्हणजे शेत एका जिल्ह्यात, पहिले इंजेक्शन दुसऱ्या ठिकाणी, कल्चर तिसऱ्या ठिकाणी आणि तीन महिन्यांच्या गोळ्या पुन्हा गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. ही साखळी एका हातात नसते. बड्या रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर आजाराचे नाव, गोळ्यांची मुदत आणि तपासणीची तारीख मराठीत लिहिलेली असेल तर गावचा वैद्यकीय अधिकारी ती साखळी सांभाळू शकतो. आणि त्याने पुढच्या लावणीला गमबूट घालायला सांगितले तर रुग्ण ऐकतो, कारण तो त्याला ओळखतो.

या अंकापासून ‘अवघड रुग्ण’ सदरासाठी लेख पाठवताना चार गोष्टी अवश्य द्याव्यात, अशी विनंती आहे. गेल्या महिन्यातले रुग्णाचे प्रत्यक्ष काम, नमुना घेण्याआधी दिलेली सर्व प्रतिजैविके, सेन्सिटिव्हिटीचा पूर्ण तक्ता (फक्त निष्कर्ष नव्हे), आणि पहिला ताप ते नेमके निदान यांतले दिवस. ज्यांनी एकेटी सुरू केली आणि नंतर थांबवली, त्यांचे लेख आम्हाला सर्वांत आधी हवे आहेत. शक्य असेल तिथे मायक्रोबायोलॉजिस्टचे नाव सहलेखक म्हणून घालावे.