स्टे मिळाला, पण दिवस कुणाचे गेले?

आमच्याकडे आंबागडला (तालुका तुमसर, जिल्हा भंडारा) कोर्टातला एक इंग्रजी शब्द आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना पाठ असतो - स्टे. "केस जिंकलो जी, पण त्यानं वरतून स्टे आणला." संपलं! जिंकलेला माणूस पुन्हा वाट बघत बसतो.

त्यामुळे अपील केलं की निकाल आपोआप थांबतो असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाहीये. दिवाणी प्रक्रिया संहितेत (ऑर्डर ४१, नियम ५) स्पष्ट लिहिलंय की नुसत्या अपिलाने अंमलबजावणी थांबत नाही. स्टे वेगळा मागावा लागतो, वेळेत मागावा लागतो, मोठं नुकसान होईल हे पटवावं लागतं आणि तारण द्यावं लागतं. घर खाली करण्याच्या आदेशावर भाडेकरूला स्टे हवा असेल, तर मधल्या काळासाठी बाजारभावाने पैसे भरायची अट घालता येते, असं सुप्रीम कोर्टाने २००४ मध्येच सांगितलंय. म्हणजे थांबायचं असेल तर थांबण्याची किंमत मोजा. चोख हिशोब.

आम्ही सॉफ्टवेअरवाले रिलीजच्या आधी एकच प्रश्न विचारतो: फसलं तर रोलबॅक करता येईल का? पैशाच्या निकालात येतो. वरच्या कोर्टात निकाल फिरला, तर दिलेलं परत मिळवायला कलम १४४ आहे. पण तुरुंगात गेलेल्या दिवसांचं काय? त्यांचा बॅकअप कुठून आणायचा?

प्रा. साईबाबांची केस बघा. नव्वद टक्के अपंगत्व, व्हीलचेअर. २०१७ मध्ये गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून जन्मठेप दिली. १४ ऑक्टोबर २०२२ ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना मुक्त केलं, कारण खटल्यासाठी लागणारी सरकारी मंजुरी कायद्याप्रमाणे घेतलेली नव्हती. दुसऱ्याच दिवशी, शनिवार असूनही, सुप्रीम कोर्ट खास बसलं आणि तो निकाल स्थगित केला. निदान घरी नजरकैदेत ठेवा, ही विनंतीही फेटाळली गेली. पुढे एप्रिल २०२३ मध्ये केस पुन्हा नागपूरला आली आणि ५ मार्च २०२४ ला दुसऱ्या खंडपीठाने पुरावे तपासून त्यांना निर्दोष सोडलं. ७ मार्चला ते बाहेर आले. स्थगितीपासून ५०९ दिवस. १२ ऑक्टोबर २०२४ ला ते वारले.

सरकारची बाजू अगदीच पोकळ होती असं मी म्हणत नाही. २०२२ चा निकाल तांत्रिक मुद्द्यावर होता, पुराव्यांत कोर्ट शिरलंच नव्हतं, आणि आरोप गंभीर होते. अपील करायला हरकत काहीच नाही. पण अपील ऐकणं आणि तोवर माणसाला आत ठेवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुटलेला आरोपी वरच्या कोर्टात हजर राहील यासाठी जामीनपत्र घेण्याची सोय कायद्यातच आहे. पूर्वी ते कलम ४३७-अ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेत ४८१ आहे. शिवाय पासपोर्ट जमा करून घ्या, पोलीस स्टेशनला हजेरी लावायला सांगा... मधले पर्याय कितीतरी आहेत. २०२४ च्या निकालावर मात्र सुप्रीम कोर्टाने स्टे दिला नाही. अपील दाखल असतानाही माणूस बाहेर राहू शकतो, हे तेव्हा दिसलंच की.

माझं म्हणणं एवढंच. चार खोल्यांच्या घरासाठी आपण स्टेची किंमत ठरवतो, ती कुणी भरायची तेही ठरवतो. मग सुटकेवर स्टे मागणाऱ्या सरकारने काहीच का भरू नये? निदान कोर्टाने आधी मधले पर्याय तपासावेत, ते का चालणार नाहीत हे लिहून द्यावं आणि सुनावणी किती आठवड्यांत संपणार याची तारीख बांधून घ्यावी. पैसे उशिरा मिळाले तर व्याज लावता येतं. ५०९ दिवसांवर काय लावणार?