धुऱ्यावरचे पोकळ झाड



हरभरा, गहू निघाला की लाकडाचा व्यापारी गावात येतो. धुऱ्यावरचा ढोली पडलेला जुना आंबा आधी विकला जातो. "आतून पोकळच आहे, ठेवून काय करायचे?" असे आपण म्हणतो. मीही कित्येक वर्षे हाच सल्ला दिला. आज तो मागे घेतो. कारण सांगतो.

सातपुड्याच्या सागवानी जंगलात रानपिंगळा नावाचा पक्षी राहतो. आपल्या पिंगळ्याचाच भाऊबंद. पण डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, आणि भर दिवसा शिकार करतो. १८७३ साली शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली. १८८४ नंतर मात्र त्याचा खात्रीचा पत्ता लागेना. तो संपलाच, असे लोक धरून चालले. आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, अमेरिकी अभ्यासकांना तो दिसला. ११३ वर्षांनी! पुढे मेळघाटात आणि तानसा अभयारण्यातही सापडला.

या पक्ष्याला स्वतः ढोली कोरता येत नाही. मोठ्या, जुन्या झाडात तयार ढोली मिळाली तरच त्याचा संसार मांडला जातो. झाड तुटले की घर गेले. नवे झाड तेवढे व्हायला माणसाची एक पिढी जाते. जंगलतोड, वणवे आणि अतिक्रमण यांमुळे तो आजही धोक्यात आहे.

आपल्या परभणी जिल्ह्यात जंगल फार थोडे. रानपिंगळा इकडे नाही, पण साधा पिंगळा आहे, आणि त्याची गरज तीच. धुऱ्यावरची नि आखाड्यावरची झाडे हेच त्याचे जंगल. तो भुंगेरे, नाकतोडे, उंदीर खातो आणि मजुरी मागत नाही. अशुभ म्हणून त्याला दगड मारू नका.

झाडाच्या सावलीत दोन तासे कमी पिकतात, हे मला ठाऊक आहे. तरी एवढे करा. शेतात एक तरी ढोलीचे झाड राखा. नडच असेल तर परवानगी काढून दुसरे झाड विका. धुरा पेटवू नका, बुंधा जळतो. विष खाऊन मेलेले उंदीर उघड्यावर न टाकता खोल पुरा.

आमच्या रानपिंगळ्याला जंगलाने शंभर वर्षे लपवून सांभाळले. आपल्या पिंगळ्याला सांभाळायला एक आंबा पुरे. व्यापारी येण्याआधी घरात बसून ठरवा, कोणते झाड राखायचे ते.