हेलसिंकी-टोकियो : अंतर तेच, वाट लांबली

विशेष प्रतिनिधी

फिनलंडची राजधानी हेलसिंकी आणि जपानची राजधानी टोकियो यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे. २०२२ च्या प्रारंभापर्यंत फिनएअरची विमाने हा प्रवास नऊ ते साडेनऊ तासांत पूर्ण करीत. आता त्यास तेरा तासांच्या आसपास लागतात. उत्तर ध्रुवावरून जाणारा मार्ग तर १२,९०० किलोमीटरच्या घरात जातो. दोन्ही शहरे जागच्या जागी असताना ही वाट लांबली, त्याचे कारण भूगोलात नसून राजकारणात आहे.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय संघाने रशियन विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. प्रत्युत्तरादाखल रशियाने २८ फेब्रुवारीला ३६ देशांच्या विमान कंपन्यांना मज्जाव केला. युरोपातून जपानला जाणारा सर्वांत जवळचा मार्ग सैबेरियावरून असल्याने सर्वाधिक झळ फिनलंडला बसली. युरोप आणि आशिया यांच्यातील जवळची वाट, हेच फिनएअरचे मुख्य भांडवल होते.

१९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देशाचे आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व असते. परवानगीविना तेथून नियमित विमानसेवा चालविता येत नाही. सैबेरियावरून जाण्यासाठी युरोपीय कंपन्या वर्षानुवर्षे शुल्क मोजत आणि त्याचा लाभ रशियाच्या एरोफ्लोट या कंपनीला मिळे. म्हणजेच ही वाट हक्काची नव्हती, सवलतीची होती.

फिनलंडला हा अनुभव नवा नाही. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत आकाश बंद असताना, १९८३ मध्ये फिनएअरने उत्तर ध्रुवाला वळसा घालून टोकियोची थेट सेवा सुरू केली होती. २०२२ मध्ये कंपनीला पुन्हा त्याच वाटेकडे वळावे लागले. लांबलेल्या मार्गामुळे इंधनाचा खर्च सुमारे ४० टक्क्यांनी वाढला. वैमानिकांचे कामाचे तास वाढले आणि त्याच विमानांत पूर्वीइतक्या फेऱ्या बसेनाशा झाल्या. बंदी लागू नसलेल्या चिनी कंपन्या मात्र रशियावरूनच युरोपला जात राहिल्या. साहजिकच स्पर्धेचे पारडे त्यांच्या बाजूला झुकले.

भारतीय प्रवाशांनाही ही अडचण परिचित आहे. २०१९ मध्ये बालाकोटच्या कारवाईनंतर पाकिस्तानची हवाई हद्द २७ फेब्रुवारीपासून १६ जुलैपर्यंत बंद होती. २ जुलैपर्यंत एअर इंडियाला त्यापायी ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचे राज्यसभेत सांगण्यात आले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम हल्ल्यानंतर हीच हद्द भारतीय विमानांना पुन्हा बंद झाली. दिल्लीहून अमेरिकेला निघालेल्या काही विमानांना युरोपात थांबून इंधन भरावे लागले.

युरोप आणि आग्नेय आशिया यांच्यातील प्रवासी दिल्ली-मुंबईमार्गे वळविण्याचे स्वप्न भारत पाहत आहे. त्यासाठी नवी विमानतळे आणि नवी विमाने आवश्यक आहेतच. तथापि, वायव्येकडील आकाश शेजाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असेल, तर वेळापत्रक आणि तिकिटाचे दर या दोहोंची शाश्वती देता येणार नाही. हेलसिंकीने हा धडा महागात शिकला आहे. दिल्ली-मुंबईचे नियोजन करणाऱ्यांनी त्याची नोंद घेणे हिताचे ठरेल.