सुदाम्यानेच द्वारकेला का जावे?

दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुटीत महाराष्ट्रात गावोगावी एक नवा सोहळा रुजला आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वी एका वर्गात शिकलेले विद्यार्थी जुन्या शाळेत किंवा एखाद्या मंगल कार्यालयात एकत्र जमतात. हयात असलेल्या गुरुजनांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, एकसारखे फेटे बांधून छायाचित्रे निघतात, एकमेकांना अरे-तुरे करताना पन्नाशी-साठीतली माणसे घटकाभर पोरे होतात. व्हॉट्सॲपमुळे जुन्या वर्गाची हजेरी पुन्हा जमवणे सोपे झाले, हे यामागचे तात्कालिक कारण. पण त्याच्याही मागे एक खरी भूक आहे. आयुष्याच्या उतरणीवर माणसाला आपल्याला पदामुळे नव्हे, तर नावाने ओळखणारे कोणीतरी हवे असते. या भुकेची थट्टा करण्याचे कारण नाही.

मात्र या मेळाव्यांना कोण आले याची जितकी चर्चा होते, तितकी कोण आले नाही याची होत नाही. व्यासपीठावर एकेकाने उभे राहून स्वतःचा परिचय द्यायचा असतो. नाव, गाव आणि ‘सध्या काय करतो’. हा शेवटचा प्रश्न वरवर निरुपद्रवी वाटतो. पण कुणी अभियंता, कुणी बँकेतून निवृत्त झालेला, कुणाची मुलगी परदेशी, असे परिचय ओळीने होत गेले की दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जाणाऱ्याला किंवा रात्रपाळीचा पहारेकरी असणाऱ्याला त्या रांगेत उभे राहणे जड जाते. त्यात वर्गणी असते. एकाला ती हॉटेलातील एका जेवणाची रक्कम वाटते, दुसऱ्याला ती तीन दिवसांची मजुरी असते. म्हणून तो ‘काम निघाले’ असा निरोप धाडतो, किंवा तोही धाडत नाही. न आलेल्यांत बहुधा तोच असतो, जो कधीकाळी कुणाचा तरी जिवलग होता.

दोन बालमित्र एकमेकांना दुरावतात कसे? भांडणाने क्वचितच. बहुतेक मैत्र्या भांडून तुटत नाहीत, त्या परिस्थितीने उसवतात. साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातील कोणत्याही गावातली एक जोडी डोळ्यांसमोर आणावी. १९७२ साली दोघे एकाच इयत्तेत, एकाच बाकावर. दुष्काळ पडला. एकाचे वडील शिक्षक होते; पगार अपुरा असला तरी येत होता, मुलगा शाळेत राहिला. दुसऱ्याच्या घरचे सारेच दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले आणि तोही त्यांच्याबरोबर गेला. पुढे पहिला फीच्या सवलतीवर महाविद्यालयात पोचला. दुसरा मुंबईला गिरणीत बदली कामगार म्हणून लागला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यातील असंख्यांना पुन्हा कधी गिरणीचा भोंगा ऐकून कामावर जाता आले नाही. दुसरा मित्र गावी परतला, तो कायमचा.

अशा दोघांची तुलना होते तेव्हा ‘एक शिकला, दुसरा शिकला नाही’ असे एका वाक्यात उरकले जाते. पण शिक्षणाची खरी किंमत केवळ फी ही नसते. मुलगा शाळेत बसला म्हणजे त्याची मजुरी बुडते, आणि गरिबाच्या घरी ही बुडालेली मजुरीच सर्वांत मोठी फी असते. सरकारने फी माफ केली. बुडणारी मजुरी माफ करणे कोणाच्या हाती नव्हते. एका बाकावरून निघालेल्या दोन वाटांतील अंतर गुणवत्तेचे किती आणि वडिलांच्या पगाराचे किती, याचा हिशेब पहिल्या मित्राने मनाशी तरी प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. तो मांडला की आपोआप थोडी नम्रता येते, आणि तुटलेली ओळख पुन्हा जोडण्यास तेवढी शिदोरी पुरते.

मग ती जोडली का जात नाही? पूर्वी साधनांची सबब होती. पत्ता हरवला की माणूस हरवत असे; ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहावी लागे. आता ती सबब उरलेली नाही. संपर्काचा खर्च जवळपास शून्यावर आला. अर्थशास्त्राच्या साध्या नियमाप्रमाणे संपर्क वाढायला हवा होता. पण २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय अभ्यासात वेगळेच दिसले. जुन्या मित्राशी बोलण्याची इच्छा आहे, त्याला आनंद होईल असे वाटते, त्याचा ठावठिकाणाही हाताशी आहे आणि निरोप लिहायला वेळही दिलेला आहे, अशा परिस्थितीतही प्रत्यक्षात निरोप धाडणाऱ्यांचे प्रमाण एक तृतीयांशाहून कमी भरले. याचा अर्थ अडसर तारेत किंवा टपालात नव्हता; तो मनात होता. इतक्या वर्षांनी आज एकदम कसे, तो काय समजेल, ही ती भीती. दोघांच्या सांपत्तिक स्थितीत अंतर असेल तर या भीतीला आणखी धार चढते.

या अंतराचे काय होते, हे आपल्या परंपरेने दोन कथांत सांगून ठेवले आहे. पहिली सर्वांच्या ओठांवर असलेली. सांदीपनींच्या आश्रमातील सहाध्यायी श्रीकृष्ण द्वारकेत वैभवात आहे आणि सुदाम्याच्या घरी अन्नान्न दशा आहे. पत्नीच्या आग्रहावरून तो शेजाऱ्यांकडून मागून आणलेले मूठभर पोहे फडक्यात बांधून निघतो. दुसरी कथा महाभारताच्या आदिपर्वातील. द्रोण आणि द्रुपद भरद्वाजांच्या आश्रमात एकत्र वाढले. पुढे द्रुपद पांचालांचा राजा झाला आणि द्रोण असा दरिद्री राहिला की मुलाला दूध म्हणून पाण्यात कालवलेले पीठ दिले गेले. तो जुन्या मैत्रीच्या भरवशावर द्रुपदाकडे गेला. राजाची आणि निर्धनाची मैत्री होऊ शकत नाही, सख्य बरोबरीच्यांतच शोभते, असे सुनावून द्रुपदाने त्याला परत पाठवले. त्या एका अपमानाची किंमत अर्ध्या राज्याने चुकती झाली नाही. ती कुरुक्षेत्रावर दोघांच्या प्राणांनी चुकती झाली.

कीर्तनात डोळे पुसले जातात ते सुदाम्यासाठी. व्यवहारात आचरण होते ते बहुधा द्रुपदाचे. अर्थात आजचा द्रुपद अपमान करीत नाही. तो फक्त ‘एकदा निवांत भेटू’ म्हणतो.

पण या दोन्ही कथांत एक गोष्ट समान आहे आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. दोन्ही कथांत उंबरठा ओलांडून जावे लागते ते गरिबाला. एकाचे स्वागत झाले, दुसऱ्याची हेटाळणी झाली. पण दोघेही दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून होते. हेच मुळात उलटायला हवे. पहिले पाऊल कोणी टाकायचे, हा प्रश्न मानापमानाचा नसून किमतीचा आहे. गरीब मित्र आपणहून गेला तर ‘काहीतरी मागायला आला असेल’ हा संशय दाराशीच उभा असतो, आणि तो संशय येईल हे त्याला ठाऊक असते. म्हणून स्वाभिमानी माणूस जातच नाही. सुस्थितीतल्या मित्राला मात्र हे पाऊल टाकताना एका दिवसाचा प्रवास आणि थोडा संकोच, यापलीकडे काहीच द्यावे लागत नाही. ज्याला पाऊल स्वस्त पडते त्यानेच ते आधी टाकावे, हा साधा न्याय आहे.

यावर एक व्यावहारिक आक्षेप घेतला जातो. संबंध जोडला की उद्या उसनवारी सुरू होईल, मुलाच्या नोकरीसाठी शब्द टाकायला सांगितले जाईल. असे घडणारच नाही, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण नातेवाइकांच्या, साहेबांच्या, शेजाऱ्यांच्या अशा मागण्या माणूस आयुष्यभर निभावतोच; काही मान्य करतो, काहींना नकार देतो. बालमित्रालाच तेवढे नकार पचवण्याच्या योग्यतेचा न मानणे हा त्याच्यावर अन्याय आहे. शिवाय मदत घेऊन जाणे ही भेटीची चांगली रीत नव्हेच. श्रीकृष्णाने सोन्याची नगरी दिली, यात त्याचे थोरपण कमी आहे. लाजून लपवलेली पोह्यांची पुरचुंडी त्याने हिसकावून घेतली, यात जास्त आहे. ज्याच्याकडून काही घेतले जाते तोच बरोबरीचा ठरतो. मित्राच्या घरी जाऊन त्याच्या पंगतीला बसावे, त्याच्या शेतातल्या शेंगा पिशवीत भरून घ्याव्यात, त्याला काही विचारावे, त्याच्याकडून काही शिकावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बालपणीची ती समता तरी कितपत खरी होती? बाकावर शेजारी बसणारा सोबती अनेक घरांत ओसरीच्या पुढे येत नव्हता. त्याला पाणी वरून ओतले जाई. हे खरे आहे आणि स्मरणरंजनाच्या भरात ते विसरता कामा नये. किंबहुना म्हणूनच पुन्हा जोडली जाणारी मैत्री ही नुसती जुन्याची उजळणी नसते. तेव्हा आईवडिलांच्या धाकाने जे करता आले नाही, ते आता स्वतःच्या घराचा कर्ता झालेल्या माणसाला करता येते. जो ओसरीवर थांबला होता त्याला स्वयंपाकघराशेजारी पान मांडून जेवू घालणे, आणि त्याच्या घरी तसेच जेवणे, यात एक अर्धवट राहिलेले काम पुरे होते.

हा केवळ दोन व्यक्तींच्या भावजीवनाचा प्रश्न नाही. अमेरिकेतील राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात कोटींहून अधिक लोकांच्या फेसबुकवरील मैत्रीचा अभ्यास करून २०२२ साली निष्कर्ष मांडला, की ज्या वस्तीत गरीब आणि सुस्थित यांच्यात मैत्री अधिक, त्या वस्तीतील गरिबांची मुले पुढे अधिक वर येतात. दिल्लीत २००७ पासून काही खासगी शाळांना गरीब मुले घ्यावी लागली. त्या शाळांतील श्रीमंत मुलांविषयी गौतम राव यांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. गरीब सोबती लाभलेली ही मुले अधिक उदार झाली आणि शर्यतीसाठी जोडीदार निवडताना गरीब मुलांना टाळण्याची त्यांची प्रवृत्ती कमी झाली. मैत्री शिकवता येत नाही, पण तिच्यासाठी बाक मात्र एकच ठेवता येतो.

आणि नेमका तोच बाक आज वेगळा होत आहे. कोठारी आयोगाने १९६६ मध्येच सर्वांसाठी समान परिसर-शाळेचा आग्रह धरला होता. तो अहवालातच राहिला. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी राखल्या. त्यातूनही राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी विनाअनुदानित शाळांना सूट देऊ केली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ती दुरुस्ती रद्द ठरवली, हे बरे झाले. पण न्यायालय जागा राखू शकते, पालकांच्या मनातील कुंपण पाडू शकत नाही. शिक्षकाचा, कारकुनाचा आणि मजुराचा मुलगा एकाच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकत होते, तो काळ अनेक गावांत सरला. साहेबाच्या मुलाला मजुराचा मुलगा सवंगडी म्हणून लाभलाच नाही, तर चाळीस वर्षांनी तो शोधायला जाणार कोणाला?

या दृष्टीने पाहता, ज्यांना असा एखादा दुरावलेला बालमित्र आहे त्यांच्याजवळ पुढच्या पिढीला सहजी न मिळणारी ठेव आहे. ती मेळाव्याच्या फलकावर आणि फेट्यांच्या छायाचित्रांत सापडणार नाही. वर्गाच्या यादीत ज्याच्या नावापुढे दूरध्वनी क्रमांक नाही, त्याच्या गावच्या एस.टी.त बसूनच ती मिळवावी लागेल. सुदामा पुष्कळ चालला. आता द्वारकेने त्याच्या दारी जावे.