अंड्यांचा पंचनामा

पकडलेल्या तस्कर सापाच्या मादीने पिशवीतच अंडी घातली तर काय करायचं, हे आपल्या सर्पमित्र वाचकांना शिकवायला नको. वरच्या बाजूला पेन्सिलीची खूण, ओलसर कोकोपीट, 28 ते 30 अंश, आणि नंतर हात आवरायचा. एका वनपरिक्षेत्र कार्यालयाच्या ताज्या परिपत्रकानुसार मात्र अंडी म्हणजे मुद्देमाल. सुटी करून मोजायची, क्रमांक घालायचे, सर्व बाजूंनी फोटो काढायचे आणि सीलबंद डब्यात 24 तासांच्या आत जमा करायची!

याचा पहिला प्रयोग एका वाचकाने कळवला आहे. आठ अंडी, एकमेकांना चिकटलेली. वनरक्षकाने पंचांसमक्ष ती ओढून वेगळी केली. दोन तिथेच फाटली. उरलेल्यांवर मार्करने आकडे घातले, आणि आकडा फोटोत यावा म्हणून प्रत्येक अंडं उलटंपालटं केलं. डब्याला लाखेचं सील, हवेला एक भोक नाही. काय झालं ते पुढे कार्यालयात वासावरूनच कळलं. जातीच्या रकान्यात 'धामण' लिहिलं होतं. पंचांच्या सह्या तेवढ्या बिनचूक.

कायद्याशी आमचं भांडण नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात 'प्राणी' म्हटलं की अंडीही आली. परवानगीशिवाय ती घरात ठेवता येत नाहीत. पण अर्ज नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जाऊन परत येईतो पिल्लं बाहेर पडून कात टाकून मोकळी होतात. मग हातात परवानगी अंड्यांची आणि डब्यात पिल्लं. ती कोणत्या कागदावर दाखवायची, हे साहेबांनीच सांगावं.

आपली मंडळीही कमी नाहीत. पिल्लं तळहातावर घेऊन रील काढणारे, बांधावरची धडधाकट अंडी 'रेस्क्यू' म्हणून उकरून आणणारे आपल्यातच आहेत, आणि जिल्हा शाखा त्यांना हार घालतात. नोंदवही मागितली की निम्मे सर्पमित्र मोबाइल पुढे करतात. अशांच्या बाजूने कोण बोलणार?

तेव्हा कामाला लागा. अंडी दिसताच वनरक्षकाला फोन करा, पंचनामा जागेवरच, एकही अंडं न हलवता आणि वरून एकच फोटो काढून व्हावा असा आग्रह धरा. तारीख, तापमान, बुरशी लागलेली अंडी, पिल्लं सोडल्याची जागा वहीत लिहा. गेल्या हंगामाच्या नोंदी महिनाअखेरपर्यंत आमच्याकडे पोचत्या करा. उपवनसंरक्षकांपुढे एकपानी कार्यपद्धतीचा मसुदा ठेवायचा आहे. सोबत नोंदी नसतील तर ते आपल्याला चहा पाजून वाटेला लावतील.